वाचकांचे प्रश्न : रोनाल्डोची कमाई आणि रोनाल्डोची मालमत्ता

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न (निपाणी तालुक्यातील एक वाचक) : माझे दोन पुतणे फुटबॉलचे वेडे आहेत. थोरला म्हणतो की क्रिस्तियानो रोनाल्डो 2020 सालीच अब्जाधीश झाला. धाकटा म्हणतो की तो 2025 च्या ऑक्टोबरमध्ये झाला. दोघेही मोबाईलवर बातम्या दाखवतात आणि दोन्ही बातम्यांखाली नामांकित आर्थिक संस्थांची नावे आहेत. यांपैकी खरे कोणाचे? आणि 2020 मध्ये एक अब्ज डॉलर असतील, तर पुढच्या पाच वर्षांत एवढा पगार घेऊनही त्यात थोडीच भर कशी पडली?

उत्तर : दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, मात्र त्या दोन वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत. आपल्या पुतण्यांचा वाद आकड्यांचा वाटतो, पण त्याचे मूळ शब्दांच्या घोळात आहे. हा घोळ इतका सर्वत्र पसरलेला आहे की त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे मला आवश्यक वाटते.

जून 2020 मध्ये ‘फोर्ब्स’ने असे म्हटले होते की रोनाल्डोची कारकिर्दीतील एकूण कमाई एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. सांघिक खेळातील खेळाडूने खेळत असतानाच हा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यापूर्वी तो गोल्फपटू टायगर वूड्स आणि मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर या दोघांनी गाठला होता, पण ते दोघे वैयक्तिक खेळांतले. या अब्जातील सुमारे 65 कोटी डॉलर सतरा वर्षांच्या पगारापोटी आणि उरलेले जाहिरातींपोटी आले होते. हा सगळा हिशेब कर भरण्यापूर्वीचा आणि व्यवहार पाहणाऱ्या प्रतिनिधीचा (एजंटचा) वाटा देण्यापूर्वीचा होता, हे ‘फोर्ब्स’ने त्याच मजकुरात नोंदवले होते. पुढे ती बातमी ज्यांनी उचलली त्यांनी मात्र ‘कमावले’ या शब्दाच्या जागी ‘संपत्ती’ हा शब्द घातला.

ऑक्टोबर 2025 मध्ये ‘ब्लूमबर्ग’ने रोनाल्डोला आपल्या अब्जाधीशांच्या यादीत घेतले आणि त्याची मालमत्ता सुमारे 1.4 अब्ज, म्हणजे 140 कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला. एका डॉलरला 88 रुपये धरले तर ही रक्कम बारा हजार कोटी रुपयांच्या थोडी वर जाते. हा आकडा कर आणि खर्च वजा जाता हाती उरलेल्या मालमत्तेचा आहे, आणि अशा मोजणीने अब्जाधीश ठरलेला तो पहिला फुटबॉलपटू आहे.

आपण उसाच्या पट्ट्यातले आहात, म्हणून तिकडचाच दाखला देतो. एखाद्या शेतकऱ्याने वीस वर्षांत कारखान्याकडून उचललेली सगळी बिले मांडून त्यांची बेरीज केली, तर तो आकडा ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतील. पण त्याच वीस वर्षांत त्या बिलांतून सोसायटीचे कर्ज कापून गेले, खताच्या दुकानाची उधारी फिटली, दोन मुलींची लग्ने झाली आणि घरावर स्लॅब पडला. आज त्याच्या नावावर उताऱ्याला किती जमीन आहे, बँकेत किती ठेव आहे आणि अजून किती देणे बाकी आहे, हा हिशेब मांडला की जे उरते ती त्याची मालमत्ता. ‘फोर्ब्स’ने 2020 मध्ये बिलांची बेरीज केली होती आणि ‘ब्लूमबर्ग’ने 2025 मध्ये उतारा पाहिला. तेव्हा एकातून दुसरा वजा करून ‘पाच वर्षांत फक्त चाळीस कोटी डॉलर वाढले’ असे म्हणता येत नाही. हिशेबाची ही वजाबाकी मुळातच चुकीची आहे.

उलट, त्याच्या मालमत्तेत खरी उडी याच पाच वर्षांत पडली. 30 डिसेंबर 2022 रोजी त्याने सौदी अरेबियातील अल नस्र या क्लबशी करार केला, तेव्हा त्याचे वय 38 ला टेकले होते. एवढ्या वयात बहुतेक खेळाडूंचे बूट खुंटीला टांगलेले असतात. याला मात्र आयुष्यातील सर्वांत मोठा पगार तेव्हा मिळाला. वर्षाला सुमारे 20 कोटी डॉलर अशी त्या कराराची वृत्ते होती. जून 2025 मध्ये करार दोन वर्षांनी वाढला, त्याचे मूल्य ‘ब्लूमबर्ग’ने 40 कोटी डॉलरहून अधिक धरले आहे. सौदी अरेबियात व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकर नाही, आणि माझ्या मते सगळ्या गणितातील सर्वांत वजनदार गोष्ट हीच आहे. युरोपात मिळालेल्या दोन रुपयांतला जवळपास एक करात जाई. इथे दोन्ही खिशात राहतात. ‘फोर्ब्स’च्या मोजणीत मे 2025 पर्यंतच्या बारा महिन्यांत त्याला 27 कोटी 50 लाख डॉलर मिळाले, त्यांपैकी सुमारे 22 कोटी 50 लाख मैदानावरून आणि 5 कोटी मैदानाबाहेरून.

मैदानाबाहेरच्या पैशाचे बारकावेही जाणून घेण्यासारखे आहेत. नायकेशी त्याचा दीर्घ करार आहे, त्यातून वर्षाला सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर येतात असे सांगितले जाते. पोर्तुगालच्या पेस्ताना हॉटेल समूहाबरोबर त्याची निम्मी भागीदारी आहे. त्यातील पहिले हॉटेल 2016 मध्ये त्याच्या जन्मगावी, मदेरा बेटावरील फुंशाल येथे सुरू झाले. हॉटेलचा हिस्सा मोजताना इमारतीची किंमत धरायची आणि त्यावरचे कर्ज वजा करायचे, पण हे कर्ज किती हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण असते. म्हणूनच अशा याद्यांतील आकडा हा जाणकारांनी केलेला अंदाज असतो. तो कोणा सनदी लेखापालाने तपासून सही केलेला ताळेबंद नव्हे. दोन संस्थांच्या अंदाजांत दहा-वीस टक्क्यांचा फरक पडला तर त्यात कोणाची लबाडी आहे असे समजू नये.

फुंशालमध्ये त्याचे वडील नगरपालिकेचे माळी होते आणि आई स्वयंपाकाची व साफसफाईची कामे करीत असे. बाराव्या वर्षी तो घर सोडून लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या वसतिगृहात गेला. आपल्या पुतण्यांना मालमत्तेच्या आकड्यापेक्षा हे अधिक सांगावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न (खानापूर येथील एक निवृत्त शिक्षक) : 2009 मध्ये रियाल माद्रिदने रोनाल्डोला 9 कोटी 40 लाख युरो देऊन घेतले असे वाचले. हे पैसे खेळाडूला मिळतात की कोणाला? आणि एखाद्या खेळाडूला गावातल्या ज्या क्लबने लहानपणी शिकवले, त्याच्या वाट्याला काही येते का?

उत्तर : ते पैसे खेळाडूला मिळत नाहीत. एका क्लबशी खेळाडूचा करार चालू असताना दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर त्या कराराच्या उरलेल्या काळाचा मोबदला म्हणून नवा क्लब जुन्या क्लबला जी रक्कम देतो, तिला ट्रान्स्फर फी म्हणतात. 2003 मध्ये मँचेस्टर युनायटेडने स्पोर्टिंगला 1 कोटी 22 लाख पौंडांहून थोडे अधिक देऊन अठरा वर्षांच्या रोनाल्डोला घेतले. 2009 मध्ये रियालने युनायटेडला 8 कोटी पौंड, म्हणजेच आपण लिहिलेले 9 कोटी 40 लाख युरो दिले, आणि तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. 2018 मध्ये युव्हेंटसने रियालला 10 कोटी युरो दिले. या तिन्ही रकमा क्लबाकडून क्लबाकडे गेल्या. खेळाडूच्या वाट्याला येतो तो नव्या क्लबशी झालेल्या करारातील पगार, करारावर सही केल्याची रक्कम आणि सामने किंवा गोल यांवर ठरलेला बोनस. रियालसाठी त्याने 438 सामन्यांत 450 गोल केले, तेव्हा शेवटची बाब त्याच्यासाठी किरकोळ नसावी.

यातून एक गमतीदार गोष्ट निघते. 2021 मध्ये तो युनायटेडकडे परतला होता, आणि अल नस्रकडे गेला तेव्हा युनायटेडशी त्याचा करार आधीच संपुष्टात आला होता, त्यामुळे ट्रान्स्फर फी शून्य होती. वर्तमानपत्रांच्या ‘सर्वांत महागडे खेळाडू’ या यादीत त्या व्यवहाराला जागा नाही, आणि त्याच्या स्वतःच्या खिशासाठी मात्र तोच सर्वांत मोठा व्यवहार ठरला. फी वाचवणाऱ्या क्लबला खेळाडूला अधिक पगार देणे परवडते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत त्यासाठी स्पष्ट तरतूद आहे. खेळाडू एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत फी देऊन गेला, की त्या फीमधील 5 टक्के रक्कम बाजूला काढून त्याच्या वयाच्या 12 ते 23 या वर्षांत ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांच्यात वाटावी लागते. 12 ते 15 या प्रत्येक वर्षासाठी फीचा पाव टक्का आणि 16 ते 23 या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का असे प्रमाण आहे. युव्हेंटसने 10 कोटींखेरीज जो 1 कोटी 20 लाख युरोंचा जादा खर्च जाहीर केला होता, त्यात या वाटणीच्या रकमेचाही समावेश होता. रोनाल्डो बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत स्पोर्टिंगमध्ये होता, त्यामुळे पुढे तो कोठेही विकला गेला तरी त्या क्लबकडे वाटा जात राहिला.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. समजा, खानापुरातील एका नोंदणीकृत क्लबने एका मुलाला बारा ते पंधरा अशी चार वर्षे आपल्या नावावर खेळवले आणि पुढे कधी तो परदेशी क्लबकडे 10 कोटी रुपयांना गेला, तर चार वर्षांचा एक टक्का, म्हणजे दहा लाख रुपये या क्लबचे होतात. जांभ्या मातीच्या मैदानावर पावसाळ्यात गोलपोस्ट उभे करणाऱ्या एखाद्या मंडळाला दहा लाख रुपये म्हणजे काय, हे आपल्यासारख्या शिक्षकांना मी सांगायला नको. अट एकच, आणि ती फार महत्त्वाची आहे : त्या चार वर्षांची नोंदणी कागदावर असली पाहिजे.

प्रश्न (शहापूर, बेळगाव येथील एक वाचक) : आपल्या राज्यातील बंगळूर एफसीचा सुनील छेत्री याची संपत्ती एका संकेतस्थळावर एक, तर दुसऱ्यावर तिच्या दुप्पट दाखवतात. भारतीय खेळाडूचा खरा आकडा कोठे मिळेल?

उत्तर : अशा संकेतस्थळांवरील आकड्याखाली तो कसा काढला हे लिहिलेले आहे का, एवढे आधी पाहावे. बहुतेकदा ते लिहिलेले नसते. एकाने दिलेला आकडा दुसरा उचलतो, तिसरा त्यात वर्षाला थोडी वाढ धरतो, आणि पारावरच्या गप्पांत एखाद्याची इस्टेट जशी वाढत जाते तशी ती वाढत जाते. आणखी एक गल्लत वारंवार दिसते : खेळाडूचे ‘बाजारमूल्य’ म्हणून दिलेली रक्कम ही त्याच्यासाठी दुसरा क्लब किती फी देईल याचा अंदाज असतो, आणि वाचणारे ती त्याची संपत्ती समजतात.

छेत्रीच्या बाबतीत शंकेला जागा नसलेला एक आकडा आहे, कारण तो जाहीर लिलावातला आहे. 2015 मध्ये इंडियन सुपर लीगसाठी (आयएसएल) भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात मुंबई सिटीने त्याला 1 कोटी 20 लाख रुपयांना घेतले आणि ती त्या लिलावातील सर्वांत मोठी बोली होती. त्या काळी आयएसएल आणि आय-लीग या देशातील दोन लीग वेगवेगळ्या महिन्यांत खेळवल्या जात असल्यामुळे एकाच वर्षात तो बंगळूर आणि मुंबई अशा दोन संघांकडून खेळला. रोनाल्डोच्या 2025 मधील वार्षिक कमाईशी ही रक्कम ताडून पाहिली तर तो एका दिवसात त्याच्या पाचपट पैसे मिळवतो; तरीही भारतीय फुटबॉलमध्ये तेव्हा हे शिखर मानले गेले.

ते शिखर गाठायला त्याला तेरा वर्षे लागली होती. लष्करातील वडिलांचा हा मुलगा, सिकंदराबादेत 1984 मध्ये जन्मलेला, 2002 मध्ये मोहन बागानकडे गेला. त्यानंतर जेसीटी, ईस्ट बंगाल, आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडचे धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स, मधल्या काळात अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि लिस्बनच्या त्याच स्पोर्टिंग क्लबचा दुसरा संघ, आणि 2013 पासून बंगळूर, असा त्याचा प्रवास आहे. जून 2024 मध्ये त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 गोल होते, आणि आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत त्याच्या पुढे रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई हे तिघेच होते. मार्च 2025 मध्ये तो परतला आणि मालदीवविरुद्ध आणखी एक गोल केला. बेळगावसारख्या लष्करी छावणीच्या शहरात, जिथे सैनिकाचे घर प्रत्येक गल्लीत सापडेल, तिथे छेत्रीच्या घरची शिस्त कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र या कमाईची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. 2025 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातील कराराचा प्रश्न न सुटल्यामुळे लीगचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही, आणि ऑगस्टमध्ये बंगळूर एफसीने आपल्या पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. ज्या संघात छेत्री खेळतो त्या संघाची ही गत झाली. म्हणून ‘वार्षिक पगार गुणिले खेळलेली वर्षे’ या सूत्राने काढलेल्या संपत्तीवर माझा विश्वास नाही. पगार थांबलेले महिने, दुखापतीमुळे घालवलेले हंगाम, तीस टक्क्यांच्या वरच्या टप्प्यातील प्राप्तिकर आणि त्यावरचा अधिभार, यांतले काहीच त्या गुणाकारात येत नाही.

कराचा विषय निघालाच आहे, तर रोनाल्डोचे प्रकरण थोडक्यात सांगतो. खेळाडूचा चेहरा आणि नाव जाहिरातीत वापरण्याच्या हक्काचे पैसे पगारापेक्षा वेगळे धरले जातात. 2011 ते 2014 या वर्षांतील अशा उत्पन्नावरचा कर चुकवल्याचा आरोप स्पेनमध्ये त्याच्यावर झाला. जानेवारी 2019 मध्ये माद्रिदच्या न्यायालयात तडजोडीने तो मिटला. त्याला सुमारे 1 कोटी 88 लाख युरो भरावे लागले आणि 23 महिन्यांची शिक्षाही झाली, पण पहिलाच गुन्हा आणि शिक्षा दोन वर्षांच्या आतली असल्यामुळे तुरुंगात जावे लागले नाही. मालमत्ता मोजणाऱ्याला ही रक्कमसुद्धा वजा करावी लागते.

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक आई) : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात खेळतो आणि सर त्याचे कौतुक करतात. एका गृहस्थांनी आम्हाला सांगितले की दोन लाख रुपये भरले तर दोन वर्षांत मुलाला युरोपातील क्लबमध्ये घालतो, पुढे तो कोट्यवधी कमावेल. यजमान म्हणतात की म्हशी विकून पैसे भरू. काय करावे?

उत्तर : ताई, म्हशी विकू नका आणि पैसे भरू नका. हे मी ठामपणे सांगतो, कारण त्या गृहस्थांचे वचन नियमांतच बसत नाही. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबमध्ये बदली करता येत नाही. त्याला मोजकेच अपवाद आहेत, जसे की आईवडील फुटबॉलखेरीज अन्य कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. आणि आपल्या परिस्थितीत त्यांतला एकही लागू होत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत युरोपीय क्लबमध्ये नोंदवून देणे कोणालाही शक्य नाही.

खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या प्रतिनिधीला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि अल्पवयीन मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते. त्या गृहस्थांकडे परवान्याचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर पुढे बोलणे करू नका, आणि क्रमांक असला तरी वरचा नियम बदलत नाही.

मुलाचे मात्र खेळणे चालू ठेवा. आपल्या भागातून वाट नाही असे नाही. शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मोठ्या क्लबांची आणि शासकीय क्रीडा वसतिगृहांची निवड चाचणी कधी असते, ते सरांना विचारा. पुढे व्यावसायिक क्लब मिळाला नाही, तरी रेल्वे आणि सैन्यदलांत खेळाडू म्हणून भरती होण्याचा मार्ग आहे, आणि त्यासाठी दहावी-बारावी पूर्ण झालेली हवी.

आत्ता करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही. मुलगा ज्या क्लबकडून खेळेल, त्या क्लबने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत त्याचे नाव प्रत्येक हंगामाला घातले आहे का, हे विचारत राहा. वर शिक्षकांच्या प्रश्नात जी 12 ते 23 वर्षांची वाटणी सांगितली, ती याच नोंदींवरून ठरते. त्याआधी घरातली कागदपत्रे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे जन्मदाखला कन्नडमध्ये असतो, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार कार्डावर इंग्रजी, आणि या तीन लिप्यांत आडनाव किंवा वडिलांचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. जन्मतारखेतही फरक असू शकतो, आणि वयोगटाच्या स्पर्धांत तेवढ्यावरून मुलाला बाहेर बसवतात. फरक आढळला तर मुलगा आठवी-नववीत असतानाच शाळेतून आणि पंचायतीतून दुरुस्ती करून घ्या, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर एकदा नाव छापले गेले की ते बदलायला बरेच हेलपाटे घालावे लागतात.